ग्रिलवर पिझ्झा: वरची आच सांभाळली की जमतो

ग्रिलवर पिझ्झा करून पाहिलेल्यांची तक्रार बहुधा एकच असते: तळ करपला आणि वरचं चीज अर्धवट राहिलं. पिठाला किंवा सॉसला दोष देण्याआधी उष्णता कुठून येते ते बघावं. पिझ्झाच्या भट्टीत खालची फरशी तापलेली असते आणि वरचा घुमटही. नेपल्सच्या लाकडी भट्टीत फरशीचं तापमान ४०० अंश सेल्सिअसच्या घरात असतं, घुमटाचं त्याहून जास्त, आणि पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत दोन्ही बाजूंनी तयार होतो. ग्रिलमध्ये सगळा जाळ खाली असतो. वर असतं पातळ पत्र्याचं झाकण, आणि ते उघडलं की वरची गरम हवा क्षणात निघून जाते.

म्हणून ग्रिलवरच्या पिझ्झाची प्रत्येक युक्ती शेवटी दोनच गोष्टी साधते: खालची आच आवरणं आणि वरची वाढवणं. हे एकदा ध्यानात आलं की कृती पाठ करायची गरज उरत नाही. तुमच्यासमोर जो ग्रिल आहे त्यावर काय करायचं ते आपोआप सुचतं. आणि मेहनत वाया जात नाही. घरातले बहुतेक ओव्हन २५० अंशांच्या आसपास थांबतात, तर घट्ट झाकणाचा चांगला ग्रिल ३०० च्या पुढे जातो. कडा फुगून वरून खरपूस आणि आतून मऊ राहायला हा फरक पुरेसा आहे.

मार्ग दोन आहेत. पहिला, पिठाची पोळी थेट जाळीवर टाकून दोन्ही बाजूंनी भाजायची. अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स शहरात जॉर्ज जर्मोन आणि जोहान किलीन या दांपत्याने १९८० मध्ये 'अल फोर्नो' हे रेस्टॉरंट सुरू केलं आणि ही पद्धत लोकप्रिय केली. दुसरा मार्ग पिझ्झा स्टोनचा, म्हणजे पिझ्झा भाजायच्या सपाट दगडी लादीने ग्रिललाच तात्पुरती भट्टी बनवायचा. नवीन माणसाने पहिल्या मार्गाने सुरुवात करावी, असं मी ठामपणे सांगेन. त्याला वेगळं सामान लागत नाही, आणि पोळी उलटल्यामुळे वरच्या आचेचा निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.

पीठ

चार पिझ्झांसाठी ५०० ग्रॅम मैदा, ३०० ग्रॅम पाणी, १० ग्रॅम मीठ, १५ ग्रॅम ऑलिव्ह तेल आणि २ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट. सगळं वजनावर घ्या, कारण वाटीने मोजलेला मैदा दाबून भरला की सैल, यावर हिशेब बराच बदलतो. पाकिटावर प्रथिनांचं प्रमाण छापलेलं असेल तर १०० ग्रॅममागे ११ ते १३ ग्रॅम असलेला मैदा निवडा. प्रथिनं कमी असतील तर ग्लुटेन, म्हणजे पिठाला ताण देणारं प्रथिनांचं जाळं, कमकुवत राहतं आणि पोळी उचलताना फाटते. तसाच मैदा वापरावा लागला तर पाणी १० ते १५ ग्रॅम कमी करा.

पाण्याचं हे प्रमाण ६० टक्के झालं. भट्टीच्या पिझ्झासाठी अनेकजण ६५ ते ७० टक्क्यांपर्यंत जातात, पण थेट जाळीवर टाकायचं पीठ इतकं ओलं नको. ते हातातून ओघळतं आणि जाळीच्या सळ्यांमध्ये लोंबतं. स्टोनवर करणार असाल तर पाणी ३२५ ग्रॅमपर्यंत वाढवायला हरकत नाही.

मैदा, यीस्ट आणि पाणी एकत्र करून २० मिनिटं झाकून ठेवा. तेवढ्यात मैदा पाणी शोषतो आणि न मळताच ग्लुटेन जुळायला लागतं. मग मीठ आणि तेल घालून ८ ते १० मिनिटं मळा. पीठ आधी चिकटतं, मग हळूहळू हात सोडतं, आणि शेवटी बोट दाबलं की खळगा भरून येतो. तिथे थांबा. तासभर झाकून ठेवून चार गोळे करा, प्रत्येक साधारण २०५ ग्रॅमचा. गोळा करताना कडा खाली दुमडत न्या, म्हणजे वरचा पृष्ठभाग ताणून गुळगुळीत होतो. तेल लावलेल्या डब्यांत घालून फ्रिजमध्ये ठेवा, निदान २४ तास आणि जास्तीत जास्त ७२.

फ्रिजमधल्या त्या एका दिवसाला मी फार किंमत देतो. थंडीत यीस्ट मंदावतं, पण पिठातले एन्झाइम स्टार्चची साखर करत राहतात. पिठाला चव येते आणि भाजताना रंग लवकर चढतो. ग्रिलवर पिझ्झा जेमतेम काही मिनिटं असतो, त्यामुळे लवकर चढणारा रंग फार कामाचा. वेळच नसेल तर यीस्ट ५ ग्रॅम घ्या आणि दोन तासांत पीठ वापरा. पिझ्झा होईल, चव मात्र साधी राहील.

भाजण्याआधी दीड ते दोन तास गोळे बाहेर काढा. थंड गोळा ताणला की रबरासारखा परत आखडतो. ताणताना तसं होऊ लागलं तर जोर लावू नका. झाकून दहा मिनिटं सोडा, सैल होईल.

वर काय घालायचं, आणि किती

कमी घाला. २५ ते ३० सेंटिमीटरच्या पिझ्झाला ६० ग्रॅम सॉस आणि ८० ग्रॅम चीज पुरतं. वाचताना हे तुटपुंजं वाटतं हे मला ठाऊक आहे. पण सॉसमध्ये, ताज्या चीजमध्ये, कच्च्या भाजीत पाणी असतं, आणि ते उडून जाईपर्यंत त्या जागेचं तापमान १०० अंशांच्या वर चढत नाही. खमंग तपकिरी रंग यायला १४० अंशांच्या पुढे जावं लागतं. पाणी जितकं जास्त, तितका वरचा भाग मागे राहतो आणि तळ पुढे पळतो.

चीजमध्ये कमी पाण्याचं मोझरेला सर्वात सोपं. गोळ्याचं ताजं मोझरेला आवडत असेल तर ते आदल्या दिवशीच फाडून चाळणीत निथळत ठेवा आणि वापरण्याआधी कागदी रुमालात दाबून घ्या. किसलेल्या चीजच्या पाकिटात तुकडे चिकटू नयेत म्हणून स्टार्च मिसळलेला असतो, त्यामुळे ते तितकं मोकळं वितळत नाही. लादी आणून घरी किसणं बरं.

सॉस शिजवायची गरज नाही. डब्यातले सोललेले अख्खे टोमॅटो हाताने कुस्करा, चाळणीत पाच-दहा मिनिटं ठेवून पाणी गळू द्या, मीठ घाला. मशरूम, कांदा, ढोबळी मिरची आधी तव्यावर किंवा त्याच ग्रिलवर परतून पाणी काढून टाका. कच्चं मांस पिझ्झावर कधीही घालू नका. इतक्या कमी वेळात ते शिजण्याची खात्री नसते. चिकन आधीच आतून ७४ अंशांपर्यंत शिजवून मग तुकडे करा. तुळशीच्या जातीची बेसिलची पानं आणि कच्च्या सॅलडची पानं पिझ्झा उतरल्यावर टाका, आगीवर ती काळी पडतात.

आणि हे सगळं वाट्यांमध्ये काढून ग्रिलच्या शेजारी मांडून ठेवा: चीज किसलेलं, सॉसमध्ये चमचा, तेलात ब्रश, चिमटा, फळी, ताट, जाड हातमोजे. पोळी जाळीवर पडल्यानंतर स्वयंपाकघरात फेरी मारायला वेळ मिळत नाही.

पहिली पद्धत: थेट जाळीवर

ग्रिलचे दोन भाग करा, एक तापलेला आणि एक सौम्य. गॅसचा ग्रिल असेल तर अर्धे बर्नर मोठे आणि उरलेले बंद किंवा अगदी बारीक. कोळशाचा असेल तर पेटलेले निखारे एका बाजूला सारा आणि दुसरी बाजू रिकामी ठेवा. कोळसा पेटवायला चिमणी स्टार्टर, म्हणजे कोळसा भरून खालून पेटवायचा धातूचा उभा नळकांडा, वापरा. पेटवायचं द्रव टाळा, त्याचा वास कोऱ्या पिठाला पटकन लागतो. निखाऱ्यांवर राखेचा पांढरट थर आला की पसरा.

झाकण लावून १० ते १५ मिनिटं जाळी तापवा, तारेच्या ब्रशने घासा आणि ब्रशची एखादी तार जाळीत अडकलेली नाही ना, ते बघा. ती तार खाण्यात गेली तर गंभीर इजा होते, म्हणून ओल्या जाड फडक्याने एकदा पुसून घ्या. आच जोखण्याची जुनी रीत अजूनही चालते: तळहात जाळीच्या १०-१२ सेंटिमीटर वर धरा. तीन-चार सेकंदांत हात मागे घ्यावासा वाटला तर आच बरोबर आहे. एका सेकंदातच चटका बसला तर थोडी कमी करा, नाहीतर पीठ आतून शिजण्याआधी करपेल.

गोळा मैदा भुरभुरलेल्या ओट्यावर घ्या आणि बोटांनी मधून बाहेर दाबत, मग उचलून हातांच्या पाठींवर ताणत पाव सेंटिमीटरहून थोडा जाड राहील इतका पसरा. नीट गोल व्हायलाच हवा असं नाही. लांबट आकार जाळीवर टाकायला आणि उलटायला सोपा जातो. जाडी मात्र सगळीकडे सारखी हवी. या पद्धतीत कडा मुद्दाम फुगीर ठेवायची नसते, कारण उलटल्यावर ती मधल्या भागाला जाळीपासून वर उचलून धरते. लाटणं वापरलं तरी चालतं, आणि सुरुवातीला मी तेच सुचवेन.

वरच्या बाजूला तेलाचा हात फिरवा. तेल जाळीला लावू नका. तापलेल्या सळ्यांवर ते लगेच जळून धूर करतं. पोळीला लावलेलं तेल नेमकं हवं तिथे पोहोचतं.

आता दोन्ही हातांनी पोळीची जवळची टोकं धरा, ती समोर लोंबू द्या, आणि तेलाची बाजू खाली जाईल अशी, दूरची कड आधी टेकवून स्वतःकडे आणत सोडा. मंद चर्र आवाज येतो. पीठ सळ्यांमधून खाली गळेल अशी धास्ती सगळ्यांना असते, पण जाळी तापलेली असेल तर खालचा थर काही सेकंदांत आवळतो. त्या क्षणी पोळी अजिबात हलवू नका. सुरकुती पडली असली तरी राहू द्या. ओढायला गेलात तर फाटेल. अर्ध्या मिनिटात वरचा पृष्ठभाग ओलसर पांढऱ्याचा मंद, कोरडा दिसू लागतो आणि इथे-तिथे फुगे उठतात. मोठा फुगा चिमट्याच्या टोकाने फोडा. मिनिटाने एक कड चिमट्याने उचलून बघा. ती चिकटलेली असेल तर अजून तयार नाही. भाजली की पोळी आपणहून जाळी सोडते. तळाला सोनेरी रंग आणि सळ्यांचे गडद पट्टे दिसले की पोळी फिरवून एकसारखी करा. सगळं मिळून दीड ते दोन मिनिटं.

वरच्या कच्च्या बाजूला तेल लावा आणि पोळी भाजलेली बाजू वर येईल अशी फळीवर काढा. कच्ची बाजू आता खाली आहे. उलटून लगेच जाळीवरच सजवणारेही आहेत, पण आगीवर वाकून घाई करण्यापेक्षा फळीवर निवांत दोन मिनिटं मिळतात.

चीज आधी घाला, सॉस नंतर. चीज गरम पोळीला थेट लागल्याने लगेच वितळायला लागतं, आणि सॉस पोळीत मुरत नाही. सॉस पसरू नका, चमच्याने ठिकठिकाणी ठेवा. बाकीचं वरून, हात राखून. मग पिझ्झा तापलेल्या भागावर ठेवून झाकण लावा. मिनिटभराने तळ बघा आणि रंग आला की सौम्य भागावर सरकवा. पुन्हा झाकण, आणखी दोन-तीन मिनिटं. झाकण लागलेलं असतानाच वरून भाजलं जातं. दर वीस सेकंदांनी उघडून पाहिलंत तर चीज तसंच राहील आणि तळ मात्र भाजत जाईल. चीज सगळीकडे बुडबुडायला लागलं की काढा.

दुसरी पद्धत: स्टोनवर

फुगीर कडेचा, भट्टीसारखा पिझ्झा हवा असेल तर स्टोन घ्या. कॉर्डिराइट या उष्णता सोसणाऱ्या सिरॅमिकचा, दीड ते दोन सेंटिमीटर जाडीचा असला तर तो तापमानाचे धक्के बरे सोसतो. घरच्या ओव्हनमध्ये मी स्टीलची जाड प्लेट पसंत करतो, पण ग्रिलवर नाही. स्टील उष्णता फार वेगाने वाहून नेतं, आणि खालून थेट जाळ असताना तोच गुण तळ करपवतो. दगड सावकाश देतो, इथे तेच हवं.

थंड स्टोन थंड ग्रिलवरच ठेवा आणि मग आग लावा. तापलेल्या ग्रिलवर थंड दगड ठेवला तर तडकू शकतो. गॅसवर पहिली दहा मिनिटं मध्यम आच, नंतर मोठी, एकूण ३० ते ४० मिनिटं. झाकणावरचा काटा हवेचं तापमान दाखवतो, दगडाचं नाही. हवा लवकर तापते, दगड बराच मागे असतो. त्यासाठी इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या, तो न टेकवता लांबूनच पृष्ठभागाचं तापमान दाखवतो. या सगळ्या उद्योगात एकच वस्तू विकत घ्यायची असेल तर मी तीच घेईन. स्टोनचा पृष्ठभाग २९० ते ३२० अंश दाखवू लागला की पिझ्झा टाका. ३५० च्या वर गेला तर थांबा, कारण वरची आच तेवढी पोहोचलेली नसते.

स्टोन झाकणाच्या जितका जवळ, तितकी वरची आच चांगली. म्हणून जाळीवर दोन भट्टीच्या विटा आडव्या ठेवून त्यांवर स्टोन ठेवा. त्यामुळे ज्योत दगडाला थेट भिडत नाही आणि पिझ्झा झाकणाखाली साठलेल्या गरम हवेत जातो. झाकण लागतंय ना, हे थंड असतानाच तपासा. स्टोनच्या चारही बाजूंना चार-पाच सेंटिमीटर जागा मोकळी ठेवा, कारण गरम हवा तिथूनच वर येते. जागा वाचवायला म्हणून सगळी जाळी फॉइलने झाकणं तर अगदी चुकीचं. त्याने हवेची वाट बंद होते आणि खाली नको तितकी उष्णता कोंडते.

पिझ्झा टाकायच्या मिनिटभर आधी स्टोनच्या थेट खालचा बर्नर बारीक करा आणि बाजूचे मोठेच ठेवा. दगडात साठलेली उष्णता तळासाठी पुरते, आणि बाजूचे बर्नर झाकणाखालची हवा तापती ठेवतात. तळ आणि वरचा भाग एकाच वेळी तयार होण्यात या एका हालचालीचा मोठा वाटा आहे. कोळशाच्या गोल ग्रिलमध्ये निखारे अर्धवर्तुळात एका बाजूला रचा, स्टोन रिकाम्या बाजूवर ठेवा, आणि झाकणाची झडप निखाऱ्यांच्या विरुद्ध दिशेला फिरवा. गरम हवा पिझ्झावरून जाऊनच बाहेर पडेल. निखाऱ्यांवर सुक्या लाकडाचा एखादा तुकडा टाकला तर ज्योत उठते आणि वरची आच आणखी वाढते.

पील म्हणजे दांड्याची सपाट फळी. तिच्यावर बारीक रवा भुरभुरा, थोडाच, कारण उरलेला स्टोनवर जळतो. ताणलेलं पीठ पीलवर घेतलं की लगबगीने सॉस, मग चीज घाला. इथे नेहमीचाच क्रम. प्रत्येक थरानंतर पीलला हलका झटका द्या. पिझ्झा सरकतोय तोवर ठीक; चिकटला तर कड उचलून खाली थोडा रवा टाका. सॉस लावलेला पिझ्झा पीलवर पाच मिनिटं पडून राहिला की पीठ ओलं होतं आणि मग तो सुटत नाही. टाकताना पीलचं टोक स्टोनच्या मागच्या कडेशी नेऊन थोडा झटका देत मागे ओढा.

बेकिंग पेपर वापरण्याचा मोह होतो. बहुतेक पेपर २२० ते २३० अंशांपर्यंतच चालतात, आणि उघड्या ज्योतीवर पेट घेतात, तेव्हा नको. नॉनस्टिक ट्रेही नको. २६० अंशांच्या वर त्यांचा लेप खराब व्हायला लागतो.

तीन मिनिटांनी एकदाच झाकण उघडा आणि पिझ्झा अर्धा फिरवा, कारण कुठल्याच ग्रिलची मागची-पुढची आच सारखी नसते. पाच ते आठ मिनिटांत होतो. पुढचा पिझ्झा लगेच टाकू नका. पहिल्याने दगडाची उष्णता ओढून घेतलेली असते, तेव्हा झाकण लावून पाच-सात मिनिटं तापमान परत येऊ द्या.

बिघडला तर काय बघायचं

तळ काळा आणि वरून कच्चा: स्टोन फार तापलाय, किंवा झाकण वारंवार उघडलं जातंय. तो पिझ्झा वाचवायचा असेल तर पीलवर उचलून झाकणाजवळ मिनिटभर अधांतरी धरा. चीज वितळतं, तळाला पुढे झळ लागत नाही. तळ फिका आणि चीज तेल सोडतंय: दगड पुरेसा तापलेला नव्हता. मधला भाग लिबलिबीत: सॉस जास्त किंवा चीज ओलं. कडा कडक आणि कोरड्या: आच कमी होती, म्हणून वेळ जास्त लागला. पिझ्झा जितका जास्त वेळ आत राहतो तितकं पाणी उडतं. 

आगीची काळजी

गॅसचा ग्रिल पेटवताना झाकण उघडंच हवं. बंद झाकणाखाली गॅस साठून भडका होतो. सिलिंडर जोडल्यावर जोडावर साबणाचं पाणी लावा. फुगे आले तर गॅस गळतोय, लगेच बंद करा. ग्रिल, विशेषतः कोळशाचा, घरात, गॅरेजमध्ये किंवा बंदिस्त गॅलरीत कधीही लावू नका. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो आणि तो जीव घेतो. तापलेलं झाकण उघडताना ते आधी थोडं उचलून वाफ जाऊ द्या, चेहरा बाजूला ठेवा. निखारे विझल्यासारखे दिसले तरी राखेखाली बराच काळ धगधगत असतात, म्हणून राख धातूच्या झाकणाच्या डब्यातच टाका आणि पूर्ण गार झाल्याशिवाय कचऱ्यात नेऊ नका.

स्टोन ग्रिलमध्येच गार होऊ द्या. गरम दगडावर पाणी पडलं तर तो तडकतो. गार झाल्यावर जळलेलं पीठ उलथन्याने खरवडा आणि कोरड्या ब्रशने झाडा. साबण लावू नका, दगड तो शोषतो आणि पुढच्या पिझ्झाला त्याची चव लागते. पाण्याने पुसलाच तर पुढच्या वेळी आधी मंद आचेवर पूर्ण सुकवा, कारण आत मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन त्याला तडे जातात. काळे डाग राहतील, त्यांनी काही बिघडत नाही. उरलेले गोळे तेलाचा हात लावून पिशवीत घट्ट बांधून फ्रीझरमध्ये ठेवा. महिनाभर छान राहतात. लागतील त्याच्या आदल्या रात्री फ्रिजमध्ये काढून ठेवले की सकाळपर्यंत सैल होतात.